पाच फूट सात इंचांची सायकल

शंभर खोटं बोलावं पण एक लग्न जमवावं, असं जुनी माणसं सांगून गेलीत. उज्वलाबाई हलकुडे तर शंभर नाही, एकच खोटं बोलल्या होत्या, आणि तेही फक्त चार इंचांचं. लेकीच्या बायोडाट्यात उंचीसमोर त्यांनी ‘पाच फूट सात इंच’ असं टाइप करायला लावलं. टायपिंगवाल्यानं मान वर करून शेजारी उभ्या दामिनीकडं बघितलं, मग उज्वलाबाईंकडं बघितलं, आणि त्यांचे डोळे बघून मुकाट्यानं बोटं चालवली.

आता यात त्यांचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. पोरगी सत्तावीस वर्षांची, लातुरातल्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारी, नाकीडोळी नीटस, स्वभावानं गरीब. तरी अकरा स्थळं नुसत्या उंचीवरून परत गेली होती. उदगीरचा एक मुलगा तर दारात चप्पल काढता काढता थांबला, वर बघून तिथूनच पायाला पाय लावून पळाला. बाप वीरण्णा कापडदुकानात गिऱ्हाइकापुढं तागे उलगडत बसायचे आणि घरी आले की ‘होईल गं होईल’ म्हणून जेवायला बसायचे. होईल म्हणून कुठं होतं का? करावं लागतं. उज्वलाबाईंनी केलं.

आठवीत पोरगी बापाच्या खांद्याच्या वर गेली, तेव्हापासून उज्वलाबाईंचा एकच धोशा होता. खांदे पाड. मान खाली घाल. फोटोत मागं उभी राहू नको, पुढं बस. पोरगी ऐकायची. ऐकून ऐकून तिच्या पाठीला बाक आला होता, आणि तो बघून उज्वलाबाईंना बरं वाटायचं, कारण तेवढाच इंचभर कमी.

नांदेडचं मन्मथचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी सगळं चोख बसवलं होतं. पाहुणे यायच्या आधीच दामिनीला बुटक्या दिवाणावर बसवून ठेवलं. चहाचा ट्रे चुलतबहिणीनं आणला. पाया पडायला वाकली ती तशीच परत बसली. साखरपुडा सोफ्यावर झाला. नंतर पोराला भेटायचं होतं तर कॅफेत दामिनी अर्धा तास आधी जाऊन बसली आणि तो गेल्यावर उठली. मन्मथचं तिकडं नळ-पाइपांचं मोठं दुकान, एकुलता एक, बायोडाट्यात उंची पाच-दहा. असं स्थळ वारंवार येतं व्हय? एकदा अक्षता पडल्या की मग बसा म्हणावं मोजत. पत्रिकासुद्धा वाटून झाल्या होत्या.

आणि त्यात ही सायकल उपटली.

दामिनीला सायकलचं वेड होतं. दर रविवारी चार-पाच जणांबरोबर लातूरजवळच्या मुरुडपर्यंत जाऊन यायची, तेही भावाच्या शाळेच्या दिवसांतल्या जुन्या सायकलवर. ती इतकी बुटकी की गुडघे हँडलला लागायचे. दोन वर्षांत गुडघे असे धरले की जिना उतरताना कठड्याला हात लावायला लागला. डॉक्टरनं सांगितलं, मापाची सायकल घे, नाहीतर सायकल सोड. हे कुठून तरी मन्मथच्या कानावर गेलं आणि त्याला पुळका आला. लग्नाआधीची भेट म्हणून त्यानं लातुरातल्या भारत सायकलवाल्याला फोन लावून एक हायब्रिड सायकल सांगितली, म्हणजे रस्त्यालाही चालते आणि कच्च्या वाटेलाही. पैसेही भरून टाकले. भारतनं विचारलं, पायाचं आतून माप किती? मन्मथ म्हणाला, “पोरीला पायाचं माप कसं विचारू म्हणता? बायोडाट्यात उंची हाय की. पाच-सात.” भारतनं पाच-सातला बसते ती अठरा इंची फ्रेम मागवली. बायोडाट्यावरून सायकल घेणारा माणूस आपल्याकडंच जन्माला यायचा.

सोमवारी चार वाजता मन्मथ आणि त्याची आई गंगम्मा नांदेडहून गाडीनं येणार, दुकानातच नारळ फोडणार, फोटो काढणार, असं ठरलं. उज्वलाबाई लेकीला घेऊन तीनलाच दुकानात हजर झाल्या. ते यायच्या आधी पोरगी सायकलवर बसलेली पाहिजे. बसलेल्या माणसाची उंची कोण मोजतं?

सायकल दारातच होती, निळी, चकचकीत, हँडलला झेंडूचा हार. दामिनी तिच्याजवळ गेली. भारतनं तिच्याकडं पायापासून वरपर्यंत बघितलं आणि हातातला पाना ठेवून दिला.

“ही सायकल ह्यांची न्हाई,” तो म्हणाला.

“नाव लिहिलंय की चिठ्ठीवर. दामिनी हलकुडे.” उज्वलाबाईंनी बोट दाखवलं.

“नाव असंल, काकू. माप न्हाई.”

भारत मूळचा शिरूर अनंतपाळचा. बापाचं पंक्चरचं टपरं होतं, त्यातून यानं हे दुकान उभं केलेलं. डोकं मात्र दगडाचं. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण चुकीच्या मापाची सायकल दारातून बाहेर पडू द्यायची नाही, हा त्याचा हट्ट.

“बस गं तू,” उज्वलाबाई लेकीला म्हणाल्या.

दामिनी बसली. पायडलवर पाय ठेवला तर गुडघा थेट हँडलपर्यंत आला. भारतनं सीटचा पाइप वर ओढला, अजून ओढला, आणि एका बारीक रेघेपाशी थांबला. तरी गुडघे पोटाशीच होते.

“अजून वर घ्या की,” उज्वलाबाई म्हणाल्या.

“ही रेघ दिसली का काकू? हिच्या वर पाइप ओढला तर तो आतल्या आत मोडतो आन् माणूस तोंडावर आपटतो. सीट वर केल्यानं बारकी फ्रेम मोठी होत नसती. ह्यांना एकवीस लागंल न्हाईतर बावीस. दोन्ही हायत माज्याकडं. बदलून देतो, मन्मथशेठला फक्त एक फोन लावतो.”

फोन म्हणजे संपलंच की. पाच-सातला बावीसची फ्रेम कशाला, असं तिकडून विचारणार, आणि हा धर्मराजाचा अवतार सगळं खरं सांगून मोकळा होणार.

“फोन करायचा न्हाई!” उज्वलाबाई इतक्या जोरात बोलल्या की ट्यूब घ्यायला आलेली दोन माणसं वळून बघायला लागली. “हीच छान दिसते. हीच राहणार.”

“दिसायला घेतात व्हय सायकल? गुडघे जातील पोरीचे.”

“गुडघ्याचं लग्न झाल्यावर बघू.”

“मम्मी,” दामिनी सायकलवरून म्हणाली, “आत्ताच दुखायलेत.”

“तू गप बस. तुझ्यापायीच चाललंय हे सगळं.”

भारतनं काउंटरच्या खणातून टेप काढली आणि एक जाड, पुठ्ठ्याची वही. “असं करा. एकदा माप तर घ्या. मी हात लावत न्हाई, घरच्या बाईनं घ्यायचं. ताईंनी चप्पल काढून भिंतीला पाठ लावायची, वही मांड्यांत वरपर्यंत दाबून धरायची, तुमी खालून टेप लावायची. नुसत्या उंचीवर जाऊन चालत न्हाई. कुणाचे पाय लांब असतात, कुणाची पाठ.”

“भर दुकानात माझी पोरगी वही धरून उभी राहणार? लाज वाटत न्हाई का रे तुला? वीरण्णांची लेक हाय ती, रस्त्यावरची न्हाई!”

“लाजंचं काय त्यात? डॉक्टर मोजतो तेव्हा लाजता का?”

“तू डॉक्टर हायस का? पंक्चरवाला हायस!”

भारतचा चेहरा लाल झाला. “हाव, पंक्चरवाला हाय. म्हणून तर मापात खोटं बोलत न्हाई.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते उज्वलाबाईंना तेव्हा कळलं. त्या त्याला चांगलं सोलून काढणार, एवढ्यात दारात पांढरी गाडी थांबली. साडेतीनच वाजले होते. नांदेडची माणसं वेळेच्या आधी आलेली कुणी ऐकली आहेत का? पण आली. नेमकी आजच.

दामिनी सायकलवरून उतरली.

“बस!” उज्वलाबाई दातओठ खाऊन पुटपुटल्या. “बस खाली, स्टुलावर बस!”

दामिनीनं स्टुलाकडं बघितलं. मग आईकडं बघितलं. आणि ती बसली नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा या पोरीनं ऐकलं नाही, आणि मुहूर्त बघा कोणता काढला.

गंगम्मा हातात नारळाची पिशवी घेऊन आत आल्या. मागून मन्मथ, जाड तळव्याचे बूट घालून. तो हसत पुढं आला, दामिनीसमोर थांबला, आणि त्याला वर बघावं लागलं. त्याचं डोकं तिच्या नाकाशी येत होतं.

“अय्यो!” गंगम्मांनी पिशवी खाली ठेवली. “ही कवा एवढी झाली?”

“चप्पल उंच हाय तिची, विहीणबाई,” उज्वलाबाई घाईनं म्हणाल्या. “आजकालच्या पोरी, तुम्हाला माहीतच हाय.”

दामिनीनं दोन्ही चपला काढल्या आणि पायानं बाजूला सरकवल्या. कागदासारखे सपाट तळवे होते त्यांचे. ती जराही कमी झाली नाही. उज्वलाबाईंना वाटलं, धरणी दुभंगावी आणि त्यात ही कार्टी आधी जावी.

“पाच-सात लिवलं होतं तुमी.” गंगम्मांचा आवाज थंड झाला. “आमाला बसवून बसवून दावली पोरगी. येडे समजला का आमाला?”

“एखाददोन इंच इकडंतिकडं होतं, विहीणबाई.”

“हे एखाददोन इंच हाय?”

भारत मध्ये पडला. त्याला लग्नाशी काही घेणंदेणं नव्हतं. “मन्मथशेठ, ते तुमचं तुमी बघा. मला एवढंच सांगा, सायकल बदलायची का? तुमी सांगितलेल्या उंचीला ही अठराची बरोबर हाय, पण ताईंना ती बसत न्हाई. मोठी हाय माज्याकडं. किंमत तीच. ऑर्डर तुमच्या नावची, तुमी हो म्हणलं की काढतो.”

सगळे मन्मथकडं बघायला लागले. ट्यूबवाली माणसंही गेली नव्हती, ती कशाला जातील. मन्मथनं दामिनीकडं बघितलं, आईकडं बघितलं, दुकानाच्या काचेत स्वतःकडं बघितलं. तो वाईट माणूस नव्हता, असं उज्वलाबाईंना नंतरही वाटायचं. भित्रा होता.

“राहू द्या हीच,” तो म्हणाला. “मोठ्या सायकलवर अजून उंच दिसतील.”

गंगम्मांनी थोडा विचार केला. “पत्रिका गावभर गेल्यात. आता मोडून आमचंच हसं. राहू द्या बारकीच. तसंही लग्नानंतर कुठं फिरायचीय सायकलवर? घरातच ठिवू. फोटोपुरती झाली म्हंजे झालं.”

खरं सांगायचं तर उज्वलाबाईंना त्या क्षणी देव भेटल्यासारखं झालं. लग्न टिकलं! खोटं उघडं पडलं आणि तरी टिकलं! त्या “हाव हाव, बरोबर हाय विहीणबाई” असं म्हणत नारळाच्या पिशवीकडं वाकल्यासुद्धा.

“ह्या सायकलनं माझे गुडघे जातील,” दामिनी मन्मथला म्हणाली. “आत्ता ऐकलंत ना तुम्ही?”

“रोज कुठं चालवायचीय? उगंच वाढवू नका ना.”

“बरं. मग तुम्ही बसून दाखवा.”

“मी कशाला?”

“फोटोला. तुम्ही दिलेली सायकल, तुम्ही एकदा तरी बसा.”

ट्यूबवाल्यातला एक जण म्हणाला, “बसा की शेठ!” मग नाही म्हणायला जागा राहिली नाही. मन्मथ बसला. भारतनं सवयीनं पाना घेतला, सीट खाली केली, जरा वर केली, घट्ट केली. मन्मथनं पायडल फिरवलं. पाय खाली जाऊन गुडघ्यात जेमतेम वाकला, हात हँडलवर सैल बसले, पाठ नीट. भारतचा राग कुठल्या कुठं गेला. चांगलं बसलेलं माप बघितलं की त्या माणसाला राहवत नसे.

“बघा! ह्याला म्हणतात फ्रेम! तुमच्यासाठीच काढल्यासारखी. पाच-सातला पाच-सात, सूत इकडं न्हाई की तिकडं न्हाई!”

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि तो पाना पुसत बसला.

उज्वलाबाई नारळ हातात घेऊन सरळ झाल्या. “पाच-सात?” त्या म्हणाल्या. “अहो, पाच-दहा लिहिलं होतं की तुम्ही! आम्हाला चोर म्हणायलाव, अन् तुम्ही तीन इंच वाढवून बसलाव?”

मन्मथ सायकलवर बसूनच हारातला झेंडू कुस्करायला लागला.

गंगम्मा मात्र तसूभर हलल्या नाहीत. “पुरुषाचं कोण मोजतंय? पुरुषाचं चालतं. वाकायचं बाईनं असतंय. आमच्या घरात आली की मी वाकवीन तिला बराबर, तुमी काळजी करू नका. आन् तुमीबी आजवर तेच केलाव की. पाठ बघा तिची.”

उज्वलाबाईंनी पाठ बघितली. दामिनी आता ताठ उभी होती, तरी मानेखाली तो बाक होताच, कुबड निघू लागल्यासारखा. रोज बघितलेली पाठ. परक्या बाईनं बोट दाखवल्यावर ती त्यांना दिसली, आणि असा संताप उसळला की त्यांना स्वतःचीच भीती वाटली. मी वाकवली. मी आई होते म्हणून वाकवली, कुणीतरी हिला पदरात घ्यावं म्हणून वाकवली, जीव जळत होता माझा. आणि ही भवानी कोण वाकवणार?

“मुडदा बशिवला तुझा!” त्या ओरडल्या. विहीणबाई वगैरे सगळं गेलं. “माझ्या पोरीला वाकवायला तू कोण गं? घे ही सायकल, तुझ्या लेकाच्या मापाची हाय, घाल गाडीत आणि नीघ!”

“समाजात तोंड दाखवू देणार न्हाई मी तुमाला!”

“दाखवू नको! पाच-दहाचा कागद घेऊन फिर तूच, सगळ्यांना दाखव!”

नारळ त्यांच्या हातातून सुटला आणि टायरच्या रॅकखाली गेला. तो कुणीच उचलला नाही. गंगम्मा मात्र सायकल सोडून गेल्या नाहीत. पैसे भरलेत म्हणाल्या. भारतनं पुढचं चाक काढून दिलं, मन्मथनं ती हारासकट डिकीत कोंबली, आणि डिकी लागेना म्हणून सुतळीनं बांधली. जाताना तो दामिनीजवळ येऊन काहीतरी बोलणार होता, पण आईनं हाक मारली आणि तो गेला.

उज्वलाबाई स्टुलावर बसल्या. पाच आठवड्यांवर आलेलं लग्न, वाटलेल्या पत्रिका, वीरण्णांना काय सांगायचं, सगळं एकदम डोक्यात घोंघावायला लागलं. आणि ही उंटीण उभीच.

“झालं समाधान?” त्या लेकीवर खेकसल्या. “एक चप्पल पायात ठेवली असतीस तर काय झालं असतं? बस म्हणलं तर बसली असतीस तर?”

“तू त्यांना हाव म्हणालीस, मम्मी,” दामिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागला. “माझे गुडघे गेले तरी चालतील म्हणाले ते, अन् तू हाव हाव म्हणालीस. मी ऐकलं.”

उज्वलाबाई रॅकखालच्या नारळाकडं बघत बसल्या.

दामिनी काउंटरकडं वळली. “भारतभाऊ, मला माझ्या पैशानं घ्यायचीय. मोठी दाखवा.”

“दाखवतो ताई. पण एकवीस का बावीस ते माप सांगंल. मापाबिगर मी देत न्हाई, आता तुमी शिव्या घातल्या तरी देत न्हाई.” त्यानं वही आणि टेप काउंटरवर ठेवली आणि ट्यूबवाल्यांना म्हणाला, “चला ओ, बाहेर चला जरा. शटर अर्धं ओढतो.” तोही त्यांच्या मागं बाहेर जाऊन, पाठ करून उभा राहिला.

दामिनी अनवाणी भिंतीपाशी गेली. वही धरली. टेप लावायला कुणी नव्हतं. ती आईकडं बघेना, की बोलवेना.

उज्वलाबाई उठल्या. पदर खोचला, टेप घेतली आणि फरशीवर गुडघे टेकून बसल्या. त्यांनी वर बघितलं. दामिनीनं टाचा भिंतीला लावल्या, मग पाठ, मग खांदे, मग डोकं. एकेक टेकत गेलं आणि पोरगी वर वर जात राहिली. त्या भिंतीवर भारतनं गिऱ्हाइकांसाठी फूट-इंच रंगवून ठेवले होते. उज्वलाबाईंना चष्म्याशिवायही ते दिसले. सहा फुटांची लाल रेघ लेकीच्या डोक्याच्या वर नव्हती, खाली होती.

“पाच-अकरा होतीस की गं तू,” त्या म्हणाल्या. “कवा वाढलीस?”

“बारावीत.”

“मला कसं कळलं न्हाई?”

“तुझ्यापुढं सरळ उभी कधी होते?”

उज्वलाबाईंच्या डोळ्यांपुढं टेपवरचे आकडे फुटायला लागले. त्यांनी मनगटानं डोळे पुसले, टेपचं टोक टाचेजवळ दाबलं आणि वहीपर्यंत ताणलं. पुन्हा एकदा बघितलं, चूक नको म्हणून. मग अर्ध्या शटरखालून रस्त्यावरच्या माणसांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यांनी आकडा सांगितला.

“एकोणनव्वद सेंटीमीटर! लिही रे भारत, एकोणनव्वद!”